आधी माइनक्राफ्टमध्ये, मग विटांत: रायगडचा महादरवाजा बांधताना शिकलेलं

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी दोन कुरबुरी ठरलेल्या असायच्या. मी मोबाइलवर माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी बांधायचा गेम खेळत बसते म्हणून आई बोलायची आणि खोलीभर लेगोच्या, म्हणजे एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या, विटा पसरते म्हणून आजी. दोन वर्षांपूर्वी मी हे दोन्ही छंद एकमेकांना जोडले. जे बांधायचं ते आधी गेममध्ये उभं करायचं आणि मग तेच विटांत करून बघायचं. तेव्हापासून खेळणं आणि पसारा दोन्हीला काहीतरी आकार आला आणि घरच्यांनाही त्यात रस वाटायला लागला.

मी आता अकरावीत आहे. सातवीतल्या आत्तेभावाने मागच्या महिन्यात विचारलं, "ताई, मला पण करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतेय. एकच उदाहरण शेवटपर्यंत घेते, रायगडाचा महादरवाजा. आम्ही महाडचे, त्यामुळे तो माझ्या पायाखालचा आहे. शिवाय जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले जे बारा किल्ले गेले, त्यात रायगड आहे.

काय बांधायचं ते आधी ठरवा

पहिल्यांदाच अख्खा किल्ला करायला घेऊ नका. एक दरवाजा, एक बुरूज, एक विहीर किंवा आपल्या आळीतलं एखादं कौलारू घर घ्या. अट एकच, ती वस्तू तुम्हाला जाऊन बघता आली पाहिजे. इंटरनेटवरचा फोटो समोरून घेतलेला असतो. दरवाज्याच्या मागे काय आहे आणि भिंत किती जाड आहे, ते त्यात दिसत नाही.

गडावर जाताना वही आणि सुतळी बरोबर न्या. पावलांनी मोजा. आपलं एक पाऊल किती सेंटिमीटरचं आहे ते घरी फरशीवर मोजून ठेवलेलं असलं की झालं. तटावर चढायचं नाही, खडूने खुणा करायच्या नाहीत. उंची मोजायला मी आत्तेभावाला बुरुजाच्या पायथ्याशी उभं केलं, लांबून फोटो काढला आणि त्या फोटोत 'एका बुरुजात किती आत्तेभाऊ मावतात' ते मोजलं. अंदाज म्हणून हे पुरतं. महादरवाज्याच्या दोन बुरुजांची उंची ७५ फूट आणि ६५ फूट सांगतात, म्हणजे साधारण २३ मीटर आणि २० मीटर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

गेमची तयारी

माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या आहेत. मोबाइल, टॅब आणि गेमिंग कन्सोलवर चालते ती बेडरॉक. जावा फक्त संगणकावर चालते. बेडरॉकवाला आणि जावावाला एकमेकांच्या जगात जाऊ शकत नाहीत. तेव्हा विकत घेण्याआधी मित्र कशावर खेळतात ते विचारा. पैसे घालायचे नसतील तर लुआंटी बघा. पूर्वी त्याचं नाव माइनटेस्ट होतं. ते पूर्ण मोफत आहे, संगणकावरही चालतं आणि अँड्रॉइडवरही, आणि ठोकळ्यांनी बांधण्याची मजा तीच आहे.

नवीन जग तयार करताना चार गोष्टी करा. मोड क्रिएटिव्ह घ्या, म्हणजे ठोकळे कधी संपत नाहीत आणि उडताही येतं. जग सपाट, म्हणजे फ्लॅट घ्या. डिफिकल्टी पीसफुलवर ठेवा, नाहीतर सपाट जगात स्लाइम नावाचे हिरवे राक्षस उड्या मारत सारखे मध्ये येतात. आणि कोऑर्डिनेट्स दिसतील असं सेटिंग करा. त्या तीन आकड्यांवरून आपण कुठे उभे आहोत आणि जमिनीपासून किती वर आहोत ते कळतं. मोजून बांधायचं तर ते हवेतच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बॅकअप. नववीत असताना फोनमध्ये जागा होईना म्हणून मी गेम काढून टाकला आणि परीक्षेनंतर पुन्हा घातला. माझं जग गेलं होतं. पाच महिन्यांचं काम होतं ते. मोबाइलवर जग फोनच्या साठ्यातच असतं, गेम काढला की तेही जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते. जगाच्या सेटिंगमध्ये खाली 'एक्स्पोर्ट' असतं. दर रविवारी ती फाइल काढून आईच्या किंवा बाबांच्या फोनवर पाठवून ठेवा.

कुणाबरोबर खेळायचं

सुरुवातीला ओळखीच्यांबरोबरच खेळा. सगळे फोन एकाच वायफायवर असले की बेडरॉकमध्ये एकाने जग उघडायचं आणि बाकीच्यांनी त्यात शिरायचं. अनोळखी सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवर कुणीही येऊन खेळतं अशा जगात, जायची गरजच पडत नाही. आत्याकडे गेलो की आम्ही तिघं-चौघं असेच खेळतो. एक पाया घालतो, एक तट चढवतो आणि सर्वांत धाकटा सगळीकडे मशाली लावत फिरतो.

कधी मोठ्या सर्व्हरवर गेलातच, तर खरं नाव, शाळा, गाव आणि फोन नंबर कुणाला सांगायचा नाही. फुकट स्किन, म्हणजे गेममधल्या आपल्या माणसाचा नवा पेहराव, देतो, हिरे देतो, फक्त ओटीपी सांग, असं म्हणणारा माणूस चोर असतो. त्याला तिथेच ब्लॉक करा. पैसे गेलेच तर लपवू नका. लगेच घरच्यांना सांगा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, उशीर झाला की पैसे परत मिळणं अवघड होतं. आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या वाटेला जाऊच नका. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे.

डोळ्यांसाठी मी एक सवय लावून घेतली आहे. माइनक्राफ्टमधला एक दिवस आणि एक रात्र मिळून बरोबर वीस मिनिटं होतात. गेममध्ये सूर्य उगवला की मी फोन खाली ठेवते आणि खिडकीतून समोरच्या आंब्याकडे थोडा वेळ बघते. वेगळं घड्याळ लावावं लागत नाही.

गेममध्ये बांधणं

माइनक्राफ्टचा एक ठोकळा म्हणजे एक मीटर. या एका गोष्टीमुळे सगळं सोपं होतं. मोठा बुरूज २३ ठोकळे उंच, धाकटा २० ठोकळे.

महादरवाजा समोरून येणाऱ्याला दिसत नाही. दोन बुरूज असे पुढे-मागे आणि वळवून बांधलेत की वाट त्यांच्यामधून वळसा घेते आणि अगदी जवळ गेल्यावर दरवाजा समोर येतो. याला गोमुखी रचना म्हणतात. शत्रूला लांबून तोफ डागता येत नाही आणि हत्तीला धावत येऊन धडक देता येत नाही. मी हे पुस्तकात चौथीपासून वाचत आले होते, पण गेममध्ये बांधल्यावरच समजलं. पहिल्यांदा मी दोन्ही बुरूज एका ओळीत, कमानीच्या दोन बाजूंना उभे केले. मग शत्रू होऊन समोरून चालत आले, तर दरवाजा शंभर ठोकळ्यांवरूनच दिसत होता. एक बुरूज सात ठोकळे पुढे सरकवला आणि आतल्या बाजूला थोडा वळवला. पुन्हा चालत आले, आणि दरवाजा गायब. त्या दिवशी मी आठ-दहा वेळा नुसती ये-जा करत होते.

गोल बुरूज चौकोनी ठोकळ्यांचा कसा करायचा, हा प्रत्येकाला पडणारा प्रश्न. नऊ ठोकळे रुंदीच्या गोलासाठी ओळी अशा घाला: ५, ७, ९, ९, ९, ९, ९, ७, ५. प्रत्येक ओळ मध्यावर ठेवायची. सात रुंदीसाठी ३, ५, ७, ७, ७, ५, ३. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, विटांनाही हेच लागतात.

रंगासाठी सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बसॉल्ट, डोळ्यांसमोर ठेवा. गेममध्ये बसॉल्ट नावाचाच ठोकळा आहे, पण त्याच्या अंगावर उभ्या रेघा असतात आणि तट त्याने खोटा वाटतो. मी डीपस्लेट ब्रिक्स आणि अँडेसाइट हे दोन करडे ठोकळे मिसळून वापरते, आणि खालच्या दोन-तीन थरांत शेवाळलेल्या स्टोन ब्रिक्स टाकते. पावसाळ्यानंतर गड तसाच दिसतो.

विटा घेताना

लेगोची कंपनी डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात १९३२ साली एका सुताराने सुरू केली. आजची वीट, म्हणजे वर गोल खुंट्या आणि आत नळ्या असलेली, तिचं पेटंट १९५८ चं. तेव्हाची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. याचा आपल्याला थेट फायदा आहे. मामेबहिणीच्या, शेजारच्या दादाच्या, कुणाच्याही माळ्यावर पडलेल्या विटा चालतात. आधी त्या मागून आणा आणि मगच दुकानात जा.

जुन्या विटा कोमट पाण्यात, थोडी भांड्यांची पावडर घालून हाताने धुवा. पाणी ४० अंशांच्या वर नको, गरम पाण्यात प्लॅस्टिक वाकतं. वॉशिंग मशीन नको. सुती कापडावर सावलीत पसरून एक-दीड दिवस वाळू द्या, खुंट्यांच्या आत पाणी राहतं. उन्हात ठेवल्या तर पांढऱ्या आणि करड्या विटा हळूहळू पिवळ्या पडतात.

नवीन घ्यायच्या तर एखाद्या सिनेमातल्या गाडीचा सेट घेऊ नका. त्यात त्या गाडीपुरतेच उपयोगी तुकडे जास्त असतात. साध्या विटांचा 'क्लासिक' डबा घ्या. मधला ४८४ तुकड्यांचा आहे आणि मोठा ७९० चा. किमतीला तुकड्यांच्या संख्येने भागा आणि मग तुलना करा. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. विटा आपल्याकडे महाग पडतात त्याचं ते एक मोठं कारण.

मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे इतर कंपन्यांच्या विटाही लेगोत बसतात. त्यातल्या काही चांगल्या आहेत, काही अगदी सैल. डब्यावर आयएसआयचा शिक्का बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. आणि कुणाकडे तो डबा उघडलेला असेल तर दहा विटा एकावर एक लावून वरची वीट धरून हलवून बघा. खालच्या गळून पडल्या तर त्या बुरुजाच्या कामाच्या नाहीत.

करड्या विटा कधीच पुरत नाहीत. त्यावर उपाय असा की आतला गाभा लाल, पिवळ्या, गुलाबी, असतील त्या विटांचा करा आणि करड्या फक्त दर्शनी बाजूला लावा. बाहेरून कुणाला कळत नाही.

लावून ठेवणं

विटा रंगावरून नाही, आकारावरून वेगळ्या करा. आकाराच्या डब्यातून रंग डोळ्यांना पटकन सापडतो, पण करड्या ढिगाऱ्यातून एक छोटी करडी प्लेट, म्हणजे पातळ वीट, शोधायला अर्धा तास जातो. आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि बारीक तुकड्यांसाठी आजीचा जुना मसाल्याचा डबा, एवढ्यात माझं भागतं. बांधताना खाली जुनी चादर अंथरा. जेवायला हाक आली की चारही टोकं उचलायची, पसारा एका मिनिटात आत. आजीची कुरबुर या चादरीने थांबवली.

मापांचा हिशेब

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यांची गडबड इथेच होते.

लेगोत एका खुंटीपासून पुढच्या खुंटीपर्यंत ८ मिलिमीटर अंतर असतं. विटेची उंची मात्र ९.६ मिलिमीटर. पातळ असते ती प्लेट, ३.२ मिलिमीटरची, म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक वीट. माइनक्राफ्टचा ठोकळा सगळ्या बाजूंनी सारखा असतो, विटेचा नसतो. म्हणून गेममधले २३ थर विटांतही २३ लावले तर बुरूज लांबोडका होतो. माझा झाला होता, आणि दोन दिवस मला कळत नव्हतं की हा मनोऱ्यासारखा का दिसतोय.

एक मीटर म्हणजे एक खुंटी, असं प्रमाण धरा. आडवं माप जसंच्या तसं राहतं, गेममधले नऊ ठोकळे म्हणजे नऊ खुंट्या. उंचीसाठी एवढं पाठ करा: सहा ठोकळ्यांना पाच विटा. सहा आठं अठ्ठेचाळीस आणि ९.६ गुणिले ५ हेही अठ्ठेचाळीस. आता २३ मीटरचा बुरूज १९ विटांचा होतो. २० मीटरचा होतो १६ विटा आणि वर दोन प्लेट.

सगळं ज्या पातळ पाटीवर बांधायचं ती बेसप्लेट. बत्तीस बाय बत्तीस खुंट्यांची बेसप्लेट साधारण साडेपंचवीस सेंटिमीटरची असते. तिच्यावर ३२ मीटर बाय ३२ मीटरची जागा मिळते. नऊ-नऊचे दोन बुरूज आणि मध्ये पाचची वाट, एकूण २३. आरामात बसतं.

या प्रमाणात लेगोची नेहमीची माणसं चालत नाहीत, ती चार सेंटिमीटर उंच असतात आणि दरवाज्यापुढे राक्षस दिसतात. एका खुंटीची गोल वीट आणि तिच्यावर एक गोल प्लेट, हा झाला मावळा. १२.८ मिलिमीटर, म्हणजे बरोबर १ मीटर ६० सेंटिमीटर उंचीचा माणूस.

बुरूज चढवताना

गेममध्ये दगड हवेत तरंगतो. दोन ठोकळे नुसत्या कोपऱ्याला कोपरा लागून असले तरी काही बिघडत नाही. विटांत तसं नसतं. शेजारी ठेवलेल्या विटा एकमेकींना धरत नाहीत, त्यांना धरते ती वरची वीट. म्हणून वरच्या थरातला सांधा खालच्या सांध्यावर कधीही येऊ द्यायचा नाही. घराचं काम चालू असेल तिथे पाच मिनिटं उभं राहून गवंड्याकडे बघा, तो प्रत्येक थराला अर्धी वीट सरकवून सुरुवात करतो.

माझा पहिला बुरूज वसुबारसेच्या संध्याकाळी कोसळला. चौदा थर झाले होते. मी प्रत्येक थर सारखाच लावला होता, कारण तो सारखाच दिसायला हवा होता. बोटाने वरची वीट दाबली आणि चार खुंट्या रुंदीचा अख्खा उभा तुकडा, केळीचं साल सोलावं तसा, अलगद बाहेर आला. चौदाच्या चौदा थरांचे सांधे एका रेषेत होते.

तेव्हापासून मी असं करते. भिंत दोन खुंट्या जाड ठेवते, मधला भाग पोकळ. पहिल्या थरात लांब विटा पूर्व-पश्चिम, दुसऱ्या थरात उत्तर-दक्षिण, आणि हेच पुढे आलटून पालटून. दर पाच थरांनंतर आतून एक मोठी प्लेट आडवी टाकते, ती सगळा थर बांधून ठेवते. अशा भिंतीच्या एका थरात ४८ खुंट्या येतात, म्हणजे दोन बाय चारच्या सहा विटांएवढ्या. १९ थरांना सुमारे ११५ विटा झाल्या आणि धाकट्या बुरुजाला १००. नेमकं मोजायचं असेल तर संगणकावर ब्रिकलिंकचा 'स्टुडिओ' हा मोफत प्रोग्राम आहे. त्यात आधी बांधून बघता येतं आणि लागणाऱ्या तुकड्यांची यादीही मिळते.

एवढ्या विटा नसतील तर बुरुजाची फक्त पुढची बाजू बांधा. मातीच्या किल्ल्यात मागची बाजू डोंगराला टेकते, कुणाला दिसत नाही. निम्म्या विटांत काम होतं.

तटाला जंग्या विसरू नका. बाहेर मारा करायला ठेवलेली ही उतरती भोकं. एका खुंटीएवढी फट ठेवा आणि तिच्यात चीज स्लोप म्हणतात तो छोटा उतरता तुकडा बाहेरच्या बाजूला उतार करून बसवा. दरवाज्याच्या वर दोन्ही बाजूंना कमळं कोरलेली आहेत. एका खुंटीच्या फुलाच्या आकाराच्या प्लेट मिळतात, मी त्या करड्या रंगात शोधत बसले आणि शेवटी पांढऱ्याच लावल्या. मला त्या आवडतात.

चुकलं तर वीट दातांनी उपटू नका, कडा खराब होते. मोठ्या सेटमध्ये काढणी येते, केशरी रंगाची. तिच्या टोकाने प्लेटसुद्धा सहज सुटते.

किल्ल्यात बसवताना

अंगणातल्या मातीच्या किल्ल्यात हा दरवाजा बसवायचा असेल तर जागा आधीच ठेवा. बेसप्लेटच्या मापाची पाटी डोंगराच्या पायथ्याशी दाबून घ्या, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि वर बेसप्लेट. चिखल खुंट्यांत गेला की टूथब्रश घेऊन बसावं लागतं. हळीव किंवा मोहरी पेरून पाणी मारून झाल्यावरच दरवाजा ठेवा, आधी नाही. पणती विटांपासून हातभर लांब, त्यांना आच लागली की त्या वितळतात.

मातीचे मावळे विकत आणता ते या दरवाज्याच्या मानाने फार मोठे असतात. त्यांना वर, महाराजांच्या सिंहासनाजवळ ठेवा. खाली दरवाज्यात आपले गोल विटांचे मावळे. लांबून बघणाऱ्याला वाटतं की गड खूप दूर आणि खूप उंच आहे. गेल्या वर्षी शेजारच्या काकांनी वाकून, एक डोळा मिटून बघितलं आणि विचारलं, "अगं, दरवाजा कुठाय?" मी म्हटलं, "काका, अजून जरा पुढे या."